जिल्हा आवृत्तीतली दोन महिन्यांची इंटर्नशिप: बायलाइनच्या आधी काय मिळवायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्रकारितेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचं पहिलं वर्ष संपवून एक विद्यार्थिनी मे आणि जून असे दोन महिने एका मराठी दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात इंटर्नशिप करते आहे. दहा दिवस झाले. रोज प्रेसनोट उतरवून काढायच्या, निधनवार्ता लिहायच्या, एवढंच काम. बाहेर कोणी नेत नाही, मानधन नाही, नावानिशी एकही बातमी, म्हणजे बायलाइन, लागलेली नाही. वर्गातल्या मैत्रिणींची नावं पुण्या-मुंबईच्या पोर्टलांवर रोज झळकताहेत. इथे राहण्यात अर्थ आहे का, आणि असेल तर उरलेले दिवस कसे वापरू, असं ती विचारते.

मी सोलापुरात सव्वीस वर्षं या कामात आहे. सुरुवातीला बातमीदार होते, गेली अकरा वर्षं शहराची पानं सांभाळते. दर उन्हाळ्यात दोन-तीन मुलं-मुली माझ्या टेबलाशेजारी बसतात. त्यामुळे थेट तुलाच उद्देशून लिहिते.

राहा. आणि ज्या निधनवार्तांचा तुला कंटाळा आलाय, त्या आणखी मागून घे.

माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मलाही हेच काम होतं. एका संध्याकाळी फोन आला, निवृत्त शिक्षक वारले होते. पुतण्यानं माहिती दिली, मी लिहून घेतली आणि ठरलेल्या साच्यात बसवली: ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला एक बाई ऑफिसात आल्या. विजापूरहून रात्रीच निघून वडिलांच्या अंत्यविधीला आल्या होत्या. हातात आमचा अंक होता, आमची ती तीन ओळींची बातमी वर येईल असा घडी घातलेला. त्या भांडल्या नाहीत. बातमीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘मी त्यांची मुलगी आहे. यात नाही.’ पुतण्या सांगायला विसरला होता आणि मी ‘मुली किती?’ हे विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापली, पण कात्रण करून ठेवायचा अंक आदल्या दिवशीचाच असतो.

तेव्हापासून माझ्या टेबलावर एक रीत आहे. फोन करणाऱ्याला सगळी माहिती परत वाचून दाखवायची. नाव, आडनाव, वय, अंत्यविधीची वेळ, मुलगे, मुली. मुलींबद्दल वेगळं विचारायचं, कारण सांगणारा बहुतेक वेळा पुरुष असतो आणि तो लग्न झालेल्या मुली गाळतो. मग घरातल्या दुसऱ्या कुणाचा नंबर घेऊन तिथे फोन करायचा. जिवंत माणसाची निधनवार्ता देणारे खोडसाळ फोनही येतात. हे सगळं करायला सहा-सात मिनिटं लागतात. त्या सहा-सात मिनिटांत तू माहिती घेणं, ती उलट तपासणं, दुसऱ्या माणसाकडून पक्की करणं आणि दुःखात असलेल्या घराशी नीट बोलणं एवढं शिकतेस. पुढे मंत्र्याच्या घोटाळ्याची बातमी केलीस तरी कामाची रीत हीच असते, फक्त फोन जास्त करावे लागतात.

पोर्टलवर मैत्रिणीचं नाव रोज येतं, हे खरं. पण त्यातल्या किती बातम्यांसाठी ती खुर्चीतून उठली, हे तिला विचारून बघ. जिल्हा आवृत्तीत ज्याच्याबद्दल लिहितेस तो माणूस सकाळी तुझ्याच गल्लीत दूध घ्यायला येतो आणि चूक झाली तर दारात उभा राहतो. अशी वाचकाची नजर मुंबईत मिळत नाही.

आता प्रेसनोट. उतरवून काढणं हे कारकुनी काम वाटतं, कारण तुला कोणी प्रेसनोट वाचायला शिकवलेलं नाही. मे महिन्यात प्रत्येक महापालिकेकडून एक मजकूर हमखास येतो: पावसाळापूर्व नालेसफाईला वेग, आयुक्तांनी केली पाहणी, ८० टक्के काम पूर्ण, यावेळी अमुक-तमुक मान्यवर उपस्थित. यातली मान्यवरांची यादी कापून इंट्रो, म्हणजे बातमीचा मुख्य मुद्दा, वर आणला की उपसंपादक खूश होतो. तू तिथे थांबू नकोस. ८० टक्के कशाचे? नाल्यांच्या संख्येचे, लांबीचे की ठेकेदाराच्या बिलाचे? एकूण नाले किती, यादी कुठे आहे? काढलेला गाळ कुठे टाकला? झोन कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याला, म्हणजे जेईला फोन कर. तो चिडणार नाही. त्याला कधी कुणी विचारत नाही, म्हणून उलट तो सविस्तर सांगतो. मग संध्याकाळी घरी जाताना यादीतल्या एका नाल्यावर स्वतः जा. मी पाठवलेल्या एका मुलाला काठावर गाळाचे ढीग दिसले, नाल्यातून काढून नाल्याच्याच कडेला लावलेले. पहिल्या मोठ्या पावसात ते परत आत जाणार होते. त्यानं तीन फोटो काढले, शेजारच्या टपरीवाल्याला हे ढीग किती दिवसांपासून आहेत ते विचारलं, ठेकेदाराचं म्हणणंही विचारून घेतलं. प्रेसनोट सगळ्यांकडे आली होती, ढिगांची बातमी फक्त आमच्याकडे लागली. त्याची ती पहिली बायलाइन.

बाहेर कोणी नेत नाही, ही तक्रार बरोबर आहे, पण नेण्याची वाट बघू नकोस. बातमीदार दुपारी बारा ते चार घाईत असतो, त्याला तुला घेऊन फिरणं ओझं वाटतं. सकाळच्या बैठकीत तू त्याला म्हण, ‘तुमच्या बीटवरचं (नेमून दिलेल्या विषयातलं) कंटाळवाणं काम मला द्या.’ कंटाळवाणं म्हणजे जिल्हा परिषदेतली टंचाई शाखा, सिव्हिलमधला उष्माघात कक्ष, बाजार समितीतले भाव, पाटबंधारेचा रोजचा तक्ता. उन्हाळ्यात जिल्ह्याची खरी बातमी याच चार ठिकाणी असते आणि जाणत्या बातमीदारांना ती आता दिसेनाशी झालेली असते.

पाटबंधारेच्या तक्त्यावर जरा थांबते, कारण दर वर्षी नवी मुलं इथे हमखास अडखळतात. आमच्याकडे धरण म्हणजे उजनी. एकूण क्षमता ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. त्यात मृतसाठा, म्हणजे अगदी तळाचं पाणी, ६३.६६ टीएमसी आणि उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी. पाणी मृतसाठ्याच्या पातळीवर आलं की धरण शून्य टक्के मानतात आणि त्याच्या खाली गेलं की उणे मोजतात. सोलापूरकर सहज म्हणतो, ‘उजनी मायनसमध्ये गेली.’ बाहेरून आलेला इंटर्न हे ऐकतो आणि ‘उजनी कोरडी’ असं लिहून मोकळा होतो. आता हिशेब कर. धरणात ५० टीएमसी पाणी आहे असं समज. ६३.६६ मधून ५० वजा केले की १३.६६. त्याला ५३.५७ नं भागलं की साधारण उणे साडेपंचवीस टक्के. म्हणजे तक्त्यावर उणे २५, पण धरणात ५० टीएमसी पाणी आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी धरणांची पूर्ण क्षमताही तेवढी नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेली होती, आणि तेव्हाही तळाशी तीसेक टीएमसी होतंच.

याचा अर्थ टंचाई खोटी असते असा मुळीच नाही. मृतसाठ्यात पातळी खूप खाली गेली की पाणी कालव्यात आपोआप जात नाही, शेतीला ठरावीक दिवसांनी पाणी सोडणं, म्हणजे आवर्तनं, बंद होतात, काठावरच्या शेतकऱ्याला पाइप आणखी आत-आत न्यावे लागतात. शहराला नदीतून पाणी द्यायचं तर भीमेत सोडलेलं पाणी औज बंधाऱ्यापर्यंत यायला कितीतरी दिवस घेतं. बातमी आहे ती यात. धरणात पाणी असूनही माझ्या नळाला काही दिवसांआड का येतं, हा सोलापुरातल्या बाईचा प्रश्न आहे. त्याचं उत्तर टक्केवारीत सापडत नाही. ते पंपगृहात, जलवाहिनीत आणि टाक्यांमध्ये शोधावं लागतं. ‘कोरडी’ असं चुकीचं लिहिलंस तर तिचा प्रश्न विचारायची संधी तू स्वतःच घालवलीस.

सोबत आणखी एक आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव: ११,५७४ क्युसेकनं (सेकंदाला तेवढे घनफूट) चोवीस तास पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. अधिकारी सांगतील, ‘भीमेत ६ हजार क्युसेक सोडलंय.’ तू मनातल्या मनात म्हणू शकशील, दिवसाला अर्धा टीएमसी, दहा दिवसांत पाच. मग पुढचा प्रश्न आपोआप सुचतो: हे दहा दिवस सोडणार आहात का, आणि कुणासाठी?

तापमानाचंही तसंच आहे. पारा ४३ वर गेला की प्रत्येक नवा मुलगा ‘उष्णतेची लाट’ लिहितो. हवामान खात्याची व्याख्या वेगळी आहे. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश हवं आणि त्या जागेच्या सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त हवं, किंवा सरळ ४५ गाठायला हवं. सोलापुरात मे महिन्यात ४३ हा भाजून काढणारा, पण नेहमीचा दिवस असू शकतो. दहावी-बारावीच्या निकालात टक्क्यांचा घोळ होतो. गेल्या वर्षी ९० टक्के आणि यंदा ९३ असेल तर निकाल ‘तीन टक्क्यांनी वाढला’ असं आपण लिहितो, आणि वाढ काढायची म्हटली तर ती ३.३ टक्के निघते. मी मुलांना सरळ ‘९० वरून ९३ टक्के’ असं लिहायला सांगते, म्हणजे वाद मिटतो.

निकालाच्याच दिवशी तुला एखाद्या विडी कामगार बाईच्या मुलीच्या यशाची बातमी करायला पाठवतील. अशा बातम्या आमच्या शहरात दर वर्षी लागतात. जरूर कर. पण त्या घरात गेल्यावर आधी आईशी बोल, कॅमेरा नंतर काढ. सुपात तेंदूपत्ता घेऊन बसलेल्या आईचा फोटो हवा म्हणून तिला मुद्दाम बसवू नकोस. मुलीला विचार, तुला हे छापून आलेलं चालेल का, वर्गातल्या मुली वाचणार आहेत. काही मुली नको म्हणतात. त्यांचं ऐकायचं. आणि अकरावीची फी किती, ती कुठून येणार, हा प्रश्न विचारल्याशिवाय उठू नकोस, कारण कौतुक छापून झाल्यावर त्या घरात तोच शिल्लक राहतो.

भाषेचं इथेच सांगते. सोलापुरात पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटच्या अंगाला कन्नड, आणि सगळीकडे दखनी ढंगाची उर्दू. तुझ्या जिल्ह्यात आणखी काही असेल. ‘नमस्कार, मी पेपरातून आले, थोडं बोलायचंय’ एवढं तरी त्या भाषेत पाठ कर. आडनावं ऐकून लिहू नकोस, समोरच्याला वहीत स्वतःच्या हातानं लिहायला सांग. शहराचा इतिहासही थोडा वाच. आमच्याकडे १९३० साली मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चार सोलापूरकरांना फाशी दिली. त्यातले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत. इथे पत्रकारिता करायला आलेल्या कित्येक मुलांना हे ठाऊक नसतं, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

बायलाइनचा खात्रीचा रस्ता हवा असेल तर तो तुझ्याच ऑफिसात, बहुधा टॉयलेटच्या शेजारच्या अंधाऱ्या खोलीत आहे. जुन्या अंकांच्या फायली. गेल्या वर्षीची मे महिन्याची फाइल काढ आणि रोज अर्धा तास त्याच तारखेचा अंक वाच. उन्हाळ्याच्या बातम्या दर वर्षी परत येतात: बंद कूपनलिका, टँकरच्या खेपा, सिव्हिलमधले पंखे, उड्डाणपुलाची मुदत. ‘डिसेंबरपर्यंत काम पूर्ण करू’ असं कुणीतरी म्हटलेलं असतं. ते वहीत उतरव, आणि जाऊन बघ. आश्वासन देणाऱ्याला फोन कर. याला पाठपुरावा म्हणतात आणि रोजच्या रेट्यात बातमीदाराला तो जमत नाही. तुझ्याकडे वेळ आहे, तीच तुझी ताकद. मला अशा बातम्या देणाऱ्या मुलाचं नाव टाकायला कधी संकोच वाटलेला नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र आजच टाक, कारण तिथे तारखांचं गणित आहे. उत्तराला ३० दिवसांची मुदत. आता टाकलास तर जूनच्या मध्यावर उत्तर हातात येईल. जूनमध्ये टाकलास तर कॉलेज सुरू झाल्यावर. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, आणि महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे १५० शब्दांच्या आत. ‘का’ विचारू नकोस, कागद माग. ‘टँकर का कमी पडले’ याला उत्तर मिळणार नाही. ‘एप्रिल महिन्यातील अमुक तालुक्यातील टँकरनिहाय मंजूर खेपा, प्रत्यक्ष खेपा आणि नोंदवहीच्या पानांच्या प्रती’ याला मिळेल. नोंदवही आली की एका गावात जाऊन बस. टँकर किती वाजता आला, विहिरीत किती ओतला, सही कुणी केली, हे एक दिवस नुसतं बघ. मी अशीच एका टँकरवर चालकाच्या शेजारी बसून फिरले होते. वहीत तीन खेपा होत्या, त्या दिवशी झाल्या दोन. तिसरीची सही आदल्या दिवशीच घेऊन ठेवली होती. चालक बिचारा म्हणाला, भरणा केंद्रावर वीज नसते, तीन होणारच कशा? त्याच्या त्या एका वाक्यानं बातमीचा रोख बदलला. मी चोर शोधायला गेले होते, आणि सापडलं भारनियमन.

क्राइमच्या बाबतीत कडक बोलते. दोन महिन्यांच्या इंटर्नला पोलीस ठाण्यात एकटं पाठवू नये, आणि पाठवलं तर जाऊ नकोस. गेलीस तर फिर्याद स्वतः वाच, हवालदाराच्या तोंडी वर्णनावर लिहू नकोस. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर मिळते. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. जुने लोक अजून आधीच्या दंड संहितेतलं ३०२ म्हणतात, तू लिहू नकोस. अटक झालेला माणूस संशयित किंवा आरोपी असतो, गुन्हेगार नाही. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे, आणि बालकांच्या बाबतीत पोक्सोच्या कलम २३ प्रमाणेही. नाव गाळलं म्हणजे ओळख लपली असं नसतं. छोटं गाव, शाळेची इयत्ता, नराधम म्हणून सख्ख्या काकाचं नाव, एवढं छापलं की अख्खं गाव मुलीला ओळखतं. अशी बातमी आली की स्वतःला विचार, त्या गावच्या पारावर बसलेला माणूस हे वाचून मुलगी ओळखेल का? उत्तर हो असेल तर आणखी तपशील गाळ, बातमी दोन ओळींची झाली तरी चालेल.

पैशाचं. मानधन नाही हे मला पटत नाही, आणि ज्या कार्यालयात माझं चालतं तिथे मी निदान प्रवासखर्च मिळवून देते. तू लेखी पत्र माग: तारखा, काम, कुणाच्या हाताखाली, फिरतीचा खर्च कोण देणार. ओळखपत्र माग. पत्रकार परिषदेत पाकीट, भेटवस्तू, काही दिलं तर घेऊ नकोस. ‘सगळे घेतात’ असं म्हणणारा तुझा हितचिंतक नाही. कुणी पुरवणीसाठी जाहिराती गोळा करायला सांगितलं तर नम्रपणे नाही म्हण आणि कॉलेजच्या मार्गदर्शकांना त्याच दिवशी कळव. ज्याच्याकडून जाहिरात आणलीस त्याला उद्या प्रश्न विचारता येत नाही. रात्रपाळीला थांबलीस तर घरी सोडण्याची जबाबदारी ऑफिसची आहे, हे आधीच बोलून घे.

रात्री थांबायला मात्र हवं, आठवड्यातून एकदा तरी. डाक आवृत्तीची, म्हणजे तालुक्यांना जाणाऱ्या अंकाची, पानं सुटताना डेस्कवर उपसंपादकाच्या मागे खुर्ची टाकून बस. तू दोन तास खपून लिहिलेल्या ४०० शब्दांचे १२० कसे होतात, हेडिंग दोन कॉलमांत बसेना म्हणून कोणता शब्द जातो, साडेदहाला अपघाताची बातमी आल्यावर लावलेलं पान कसं मोडतात, हे बघ. काही बोलू नकोस, फक्त तुझी मूळ कॉपी आणि छापलेली बातमी शेजारी-शेजारी चिकटवून ठेव आणि का कापलं ते दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी विचार. बहुतेक उपसंपादकांना कधी कुणी हे विचारलेलंच नसतं. ते मन लावून सांगतात. अशी चाळीस कात्रणं जमली तर नोकरीच्या मुलाखतीला ती वही घेऊन जा. माझ्यासमोर कुणी प्रमाणपत्र ठेवतं तेव्हा मी ते बाजूला सारते आणि अशी वही मागते.

तुझे अजून सात आठवडे आहेत. उद्या सकाळी बैठकीआधी पोहोच, निधनवार्तांचा फोन तुझ्याकडे घे, आणि गेल्या मे महिन्याची फाइल कुठे ठेवली आहे ते शिपायाला विचार. बातमीदारांना बहुधा माहीत नसतं, त्याला माहीत असतं.